गोठा, शेड आणि अवजारं: नव्यानं शेती बघायला लागलेल्यांनी जागा कशी लावायची

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात हल्ली एक नवीन शेतकरी तयार झालाय. कोण उद्यमबागच्या फाउंड्रीतनं रिटायर झालेला, कोण मिलिटरीतनं पेन्शन घेऊन आलेला, कोण पुण्यात कंपनीत वर्षानुवर्षं काढून आता आई-वडील थकले म्हणून गावाकडं परतलेला. रान एक-दोन एकर, दावणीला एखादी म्हस नाहीतर जर्सी गाय, जुना कौलारू गोठा, शेजारी नवीन पत्र्याचं शेड, आणि दोन्हीकडं मिळून आजोबांपासनं साठत आलेलं सामान. बियाणं कुठलं घ्यायचं, खत किती घालायचं हे सांगणारे चिक्कार आहेत, पण हे सगळं सामान ठेवायचं कुठं हे कोण सांगत नाही, आणि मग ऐन रोप लावणीत चिखल तयार, बायका बांधावर येऊन उभ्या आणि घरचा माणूस खोरं हुडकत फिरतोय असं होतंय.

माझं म्हणणं एकच आहे आणि खाली जे काय लिहिलंय ते सगळं त्यावरच चालतंय. जागा लावताना सकाळी आंघोळ करून ताजा असलेला माणूस डोळ्यासमोर ठेवू नका. संध्याकाळी सात वाजता, पायाला चिखल, एका हातात वैरणीचा भारा, वरनं पाऊस, अशा अवस्थेत जो घरी येतो त्याच्यासाठी जागा लावा. त्याला जे एका हातानं, न वाकता आणि कुठलं झाकण न उघडता ठेवता येतंय तेच जागेवर जातंय, बाकीचं दाराजवळ पडतंय आणि तिथंच राहतंय. (विष मात्र याला अपवाद, ते कुलपातच, त्याचं पुढं सांगतो.) म्हणून मोबाईलवर रॅकचे फोटो बघून आधीच खर्च करू नका, रॅक शेवटी.

आधी सगळं बाहेर

एप्रिल-मे मधली कोरडी सकाळ बघा. दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, त्यामुळं एका दिवशी एकच कोपरा काढायचा, जेवढा दुपारपर्यंत परत आत जाईल तेवढाच. सगळा गोठा एकदम अंगणात मांडला आणि ढग आले की मग घाईत जे आत कोंबलं जातंय ते पहिल्यापेक्षा वाईट असतंय.

जुन्या बारदानात, शेणींच्या हुडव्यात, कौलांच्या ढिगात विंचू-साप असणारच असं धरून चला. पायात गमबूट, हातात जाड हातमोजे, आधी काठीनं हलवायचं, मग हात घालायचा, आणि लहान पोरांना तेवढा वेळ लांब ठेवायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी. धामण बिनविषारी, ती उंदीर खाते, तिला मारू नका, वाट द्या. कुणाला चावलंच तर ब्लेडनं कापणं, चोखणं, दोरीनं करकचून आवळणं यातलं काहीएक करायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, हातपाय कमीत कमी हलू द्यायचा, १०८ ला फोन करायचा नाहीतर गावात मिळेल ती गाडी घेऊन सरळ सरकारी हॉस्पिटल गाठायचं, सापाच्या विषावरची लस तिथं मिळते. देवळात नेऊन वेळ घालवू नका, एवढंच सांगतो.

बाहेर काढलेल्याचे तीन ढीग करा: लागतंय, दुरुस्त करून लागेल, भंगार. भांडणं मधल्या ढिगावरच होतात. दांडा मोडलेली कुदळ, पातं चांगलं पण मूठ गेलेलं खुरपं, भोक पडलेलं घमेलं, हे सगळं "कधीतरी करू" म्हणून राहतंय. त्यावर उपाय म्हणजे तारीख, येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत लोहाराकडं नाहीतर वेल्डिंगवाल्याकडं गेलं तर ठीक, नाहीतर भंगारात. आपल्याकडं एक बरं आहे, बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप इतके आहेत की लोखंडाचं कुठलंही काम करून देणारा माणूस जवळपास मिळतोयच.

तिफण, कुळव, जू, शिवळा हे लाकडी सामान बैलं असतील तर पहिल्या ढिगात. बैलं नसतील आणि सगळं पॉवर टिलरवर चालत असेल तर खरं सांगायचं तर ते फक्त जागा अडवतंय. आठवण म्हणून एखादं जू भिंतीवर लावा, बाकीचं ज्याच्याकडं जोडी आहे त्याला देऊन टाका, तो वापरेल तरी.

या साफसफाईत फवारणीच्या जुन्या औषधाच्या बाटल्या हमखास निघतात, लेबल गेलेल्या, अर्ध्या भरलेल्या. त्या गटारीत, ओढ्यात, उकिरड्यात ओतायच्या नाहीत, जाळायच्या तर अजिबात नाहीत. झाकणाच्या एका डब्यात उभ्या ठेवा, डब्यावर खूण करा आणि त्यांचं काय करायचं ते रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या ऑफिसात, जाऊन विचारा.

पाणी कुठनं येतंय ते बघा

एकाच जिल्ह्यात किती फरक आहे बघा, अथणीकडं वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पडला तर पडला आणि इकडं मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीकडं त्याच्या कित्येक पट. त्यामुळं कुठल्या यूट्यूबवाल्याचं शेड बघून तसंच बांधायचं नाही, आपल्या गावचा पाऊस बघून बांधायचं. पण एक गोष्ट सगळीकडं सारखी, पावसाळ्यातली झड पश्चिमेकडनं येते. म्हणून शेडची उघडी बाजू पश्चिमेला नको. आधीच तशी असेल तर पावसाळ्यापुरत्या बांबूच्या तट्ट्या लावा नाहीतर जाड ताडपत्री, पण ताडपत्री खालून सुद्धा बांधा, नुसती वरनं सोडली तर पहिल्या वाऱ्यात फाटते.

कौलं असतील तर मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, शाकारणी झालीच पाहिजे. पत्रा असेल तर गळती बहुतेक वेळा पत्र्यातनं नसते, जे-बोल्टच्या रबरी वायसरातनं असते, ते किरकोळ काम आहे आणि लोक उगाच पत्रा बदलत बसतात. एखाद्या मोठ्या पावसात आत जाऊन उभं राहा आणि खडूनं जमिनीवर, भिंतीवर गळतीच्या खुणा करून ठेवा. कोरड्या दिवशी शोधलं तर काही सापडत नाही.

जमिनीची ओल वेगळी. शेडची जमीन बाहेरच्यापेक्षा फूट-दीड फूट उंच असावी. नसेल तर निदान चारी बाजूनं चर काढा, आणि आत कुठलंच पोतं थेट जमिनीवर ठेवू नका.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी यांच्या काठावर ज्यांचं रान आहे त्यांनी २०१९ आणि २०२१ बघितलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. पण नवीन माणसानं गावात विचारून त्या दोन वर्षी पाणी कुठपर्यंत आलेलं ते भिंतीवर रंगवून घ्यावं आणि बियाणं, मोटर, स्टार्टर, औषधाचं कपाट हे सगळं त्या रेघेच्या वर येईल असं बघावं. जे वर जात नाही ते पटकन उचलून ट्रॉलीत टाकता येईल असं दाराजवळ.

जागेचे चार भाग

आता मुख्य काम. लोक काय करतात, अवजारं एकीकडं, पोती एकीकडं, अशी वस्तूच्या आकारावरनं विभागणी करतात. मी म्हणेन ओल, कोरडं, विष आणि पेटणारं अशी चार ठिकाणं करा. छोटी जागा असली तरी होतंय, भिंत नको, अंतर पाहिजे.

ओला भाग म्हणजे गोठा. इथं जनावरं, शेण, मूत, पाणी. एका गाईला छपराखाली साधारण ३.५ चौरस मीटर, म्हणजे ३८ चौरस फूट, आणि म्हशीला ४ चौरस मीटर, ४३ चौरस फूट धरतात. तेवढी जागा आधी जनावराला द्यायची, उरली तर सामानाला, उलटं नाही. म्हशीच्या मागं पाइपांचा गठ्ठा आणि डोक्यावर माळ्यावर पत्रे, असे गोठे मी बघितलेत, एक दिवस बिचारीच्या पाठीवर येतंय ते. फरशीला मुताच्या गटारीकडं उतार पाहिजे, चाळीस फुटाला एक फूट एवढा पुरतो, जास्त दिला तर जनावर घसरतंय. कोबा करताना गुळगुळीत घासून चकाकी आणू नका, ओला असतानाच रेघा ओढून घ्या.

गोठ्यात ठेवायचं सामान मोजकंच: खराटा, शेण ओढायचं खोरं, एक घमेलं, एक बुट्टी, पाण्याची बादली, जादाची दावी-कासरे, आणि म्होरकी. शेणाचं खोरं आणि रानातलं खोरं वेगळं ठेवा, दांड्याला वेगळा रंग द्या. आणि दुधाची भांडी गोठ्यात नकोतच, ती स्वयंपाकघरातनं यायची आणि तिथंच जायची. भिंतीवर जनावरांच्या दवाखान्याचा नंबर, १९६२ ही जनावरांची हेल्पलाईन, लाळ्या-खुरकतची लस कधी दिली, रेतन कधी झालं, हे ऑइल पेंटच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. मोबाईलमध्ये लिहिलं तर मोबाईल ज्याच्याकडं त्यालाच माहीत, आणि डॉक्टर आले की तो नेमका बाजारात.

वैरण फक्त त्या दिवसाची गोठ्यात, बाकी गंजीला. कडबा कुट्टी मशीन गंजी आणि गव्हाणीच्या मधे कुठंतरी, म्हणजे पेंढ्या उचलून एकदाच चालायचं. मशीनला स्वतंत्र स्विच, तो सुद्धा लहान पोराचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, आणि मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाचा मात्र पोचला पाहिजे. साडीचा पदर, शर्टाची लोंबती बाही, हातातल्या बांगड्या, टॉवेल, हे सगळं आवरून मगच पेंढी लावायची. अडकलं तर आधी मेन बंद, मग हात. याच्यावर विनोद करणारी बरीच माणसं गावात भेटतील, त्यांचं ऐकू नका.

कोरड्या भागात बी-बियाणं, धान्य, खत, पेंड. आणि यातलं खत बाकीच्यांपासनं लांब. युरिया हवेतली ओल ओढून घेतो, पोतं एकदा फोडलं की ढेकळं होतात, आणि त्याच्याजवळ लोखंडी अवजार ठेवलं की गंज ठरलेला. उघडलेलं पोतं तोंड पिरगळून, बांधून, वरनं अजून एका प्लास्टिकच्या पोत्यात. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं, दोन्ही एकट्यानं उचलून वर चढवायची नाहीत, म्हणून खत कायम खालच्या फळीवर आणि दाराजवळ, जिथनं टिलरच्या ट्रॉलीत सरळ ढकलता येईल.

पोत्यांखाली लाकडी पॅलेट सगळ्यात सोपं, शहरात भंगारवाल्यांकडं जुने मिळाले तर बघा, नाहीतर विटांचे दोन थर आणि त्यावर फळ्या. भिंतीपासनं फूटभर जागा सोडा. ती जागा वाया गेली असं वाटतंय पण पावसाळ्यात भिंत पाझरते आणि उंदराचा माग पण त्याच फटीतनं दिसतो. सोयाबीनचं बियाणं असेल तर जास्तच जपायचं, त्याचं टरफल पातळ असतंय, पोतं आपटलं की उगवण गेली. एकावर एक चार-पाच थरांच्या वर रचू नका आणि त्यावर बसू नका, बसायला सगळ्यांना तेच आवडतंय. भात ठेवताना नीट वाळलाय का बघायला दाताखाली दाणा धरा, कट्टकन तुटला तर भरा, दबला तर अजून एक ऊन दाखवा. इंद्रायणी असो नाहीतर आपला बासमती, ओलसर भरला तर वासाचा भात कुबट होतो आणि मग व्यापारी पाडून मागतो. बटाटा ठेवायचा असेल तर अंधारात आणि वारा लागेल असा, उजेडात हिरवा पडतो आणि तो हिरवा बटाटा खायचा नसतो. कांद्याशेजारी पण नको.

विषाचा भाग सगळ्यात छोटा आणि सगळ्यात कडक. जुनं लोखंडी कपाट, कुलूप, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडं. हे कपाट गोठ्यात नको, घरात नको, वैरणीवर किंवा पेंडीच्या पोत्यावर तर नकोच. बाटलीवर जो त्रिकोण असतो तो बघायला शिका: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पाणी नव्हे, ते पण विषच. लाल-पिवळं खालच्या कप्प्यात ठेवायचं म्हणजे गळलं तरी दुसऱ्यावर जात नाही, आणि पावडरी वरच्या कप्प्यात. दुकानातनं आणलेल्या बाटलीतनं दुसऱ्या कुठल्याही बाटलीत ओतायचं नाही. दारूच्या क्वार्टरमध्ये नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत "थोडंसं" काढून दिलेलं औषध कुणीतरी पिऊन टाकतं, हे गावोगाव घडलंय.

तणनाशकाचा पंप वेगळा, किडी-रोगाच्या औषधाचा वेगळा. २,४-डी हे तणनाशक मारलेल्या पंपानं मिरचीवर नाहीतर टोमॅटोवर फवारणी केली की पानं पिळवटून येतात आणि मग माणूस व्हायरस समजून अजून चार औषधं आणतो. दोन पंप परवडत नसतील तर तणनाशकासाठी साधा हातपंप घ्या पण वेगळाच. मोठ्या अक्षरात पंपावरच लिहा. बाटली रिकामी झाली की तीनदा धुवायची, ते पाणी पंपातच, मग बाटलीला भोकं पाडायची म्हणजे कुणी तेल आणायला वापरणार नाही. मापाचा ग्लास, हातमोजे, चष्मा, फवारणीचे कपडे हे पण याच कपाटाच्या बाजूला, घरच्या कपड्यात मिसळायचे नाहीत. बॅटरीचा पंप वापर नसताना सुद्धा महिन्यातनं एकदा चार्ज करून ठेवायचा, नाहीतर पुढच्या हंगामात बॅटरी गेलेली असते आणि दुकानदार वॉरंटीत बसत नाही म्हणतो.

पेटणारं म्हणजे गवताची गंजी, सरपण, शेणी, डिझेल-पेट्रोल, रिकामं बारदान. गंजी घरापासनं आणि गोठ्यापासनं निदान तीस-चाळीस फूट लांब, विजेच्या तारेखाली तर मुळीच नाही. दरवर्षी सुगी झाली की गंजी जळाल्याच्या बातम्या येतात आणि त्यातल्या बऱ्याच तारांच्या ठिणगीच्या असतात. अजून एक, पिंजर ओलं असताना गंजी रचली तर आतनं तापते, हात घातला तर कळतं, वाफ येते. ते कधीकधी आपोआप पेटतं सुद्धा, आणि पेटलं नाही तरी बुरशी येते, ते जनावराला घालायचं नाही. डिझेल-पेट्रोल झाकणाच्या डब्यात, सावलीत, बिडी ओढायच्या कट्ट्यापासनं लांब. वाळूची दोन घमेली भरून ठेवा, पाण्याचा बॅरल भरलेला. तेलाच्या आगीवर पाणी मारायचं नाही, वाळू.

वायरिंगचा विषय इथंच येतो. गोठ्यात लोंबकळणारी वायर, चिकटपट्टीचा जोड, उघडा होल्डर हे सगळं काढून पाइपातनं वायरिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ओली फरशी, ओलं जनावर आणि करंट, पुढचं लिहीत नाही.

अवजारं टांगायची, ठेवायची नाहीत

जमिनीवर ठेवलेलं अवजार म्हणजे उद्या हुडकायचं अवजार. भिंत वापरा. कोपऱ्यात उभं केलेलं खोरं, त्यावर पहार, त्यावर टिकाव असं झालं की खालचं काढताना वरचं पायावर.

दाराच्या आत हाताशी जी भिंत आहे ती सगळ्यात महाग जागा समजा. तिथं रोज लागणारं: विळा, कोयता, खुरपी, एक खोरं, एक कुदळ, पाण्याच्या पाइपचा तुकडा. त्याच्या पुढच्या भिंतीला आठवड्यात एखाद्या वेळी लागणारं, म्हणजे टिकाव, पहार, कुऱ्हाड, दताळं, करवत. आणि माळ्यावर हंगामी, म्हणजे कोळपं, मळणीची ताडपत्री, पोती शिवायचा दाभण-सुतळीचा डबा, ठिबकच्या नळ्या, रताळ्याचे वेल बांधायच्या दोऱ्या. लोक उलटं करतात, वर्षातनं एकदा लागणारं छान आवरून दारात आणि रोजचं आत.

हुक विकत घ्यायची गरज नाही. सळईचे तुकडे वाकवून वेल्डिंगवाल्याकडनं एका पट्टीवर मारून घ्या, पट्टी भिंतीला चार बोल्टांनी. जुन्या मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, तिथं दोन तुळयांना आडवा बांबू बांधा आणि त्याला एस आकाराचे हुक. लांब दांड्याची अवजारं पातं वर करून टांगायची, दोन खिळ्यांच्या मधे मान अडकली की झालं, पण पातं डोक्याच्या वर गेलं पाहिजे, कपाळाच्या उंचीवर राहिलं तर अंधारात आत येणाऱ्याच्या नेमकं तोंडावर येतंय. कोयता, विळा, कुऱ्हाड यांच्या धारेला जुन्या रबरी पाइपचा उभा चिरलेला तुकडा बसवून टाका, फुकटचं म्यान.

प्रत्येक अवजाराच्या मागं भिंतीवर त्याची बाह्यरेषा रंगवा. हे पोरांचं काम वाटतंय पण याच्यासारखी दुसरी युक्ती नाही. आपल्याकडं कामाला येणारी माणसं कोण मराठी बोलणारी, कोण कन्नड, कोणाला वाचता येतंय कोणाला नाही, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून उपयोग होत नाही, चित्र सगळ्यांना कळतंय. आणि रिकामं चित्र दिसलं की काय परत आलं नाही ते लगेच कळतं.

खुरप्यांचं तर खास. भांगलणीला दहा बायका आल्या तर दहा खुरपी जातात आणि आठ परत येतात, कोणी चोरत नाही, सरीत राहतात, रताळ्याच्या वेलात नाहीतर उसाच्या पाल्यात गडप होतात. एका फळीला दहा खिळे मारा, प्रत्येक खुरप्याच्या मुठीला लाल नाहीतर भगवा रंग द्या, हिरव्यात हिरवी मूठ दिसत नाही. संध्याकाळी फळी रिकामी दिसली तर "मावशी, एक खिळा मोकळा राहिलाय बघा" एवढंच म्हणायचं, त्या स्वतःच सांगतात कुठल्या सरीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणालाच आठवत नाही.

नट-बोल्ट, वायसर, ठिबकचे जॉइनर, खिळे, हे सगळं आरपार दिसणाऱ्या बरण्यांत. झाकण फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूनं मारायचं आणि बरणी खालून फिरवून लावायची. पाने-पकड, मोटरचे पाने, ग्रीस गन हे एका पेटीत, आणि ती पेटी रानात न्यायची, सुटा पाना न्यायचा नाही. बोअरवर मोटर काढताना चिखलात पडलेला १७-१९ चा पाना परत मिळत नाही.

ठिबकच्या नळ्या गोल गुंडाळून, दोन्ही तोंडं दुमडून बांधून, सावलीत टांगा. जमिनीवर ठेवल्या तर उंदीर, उन्हात ठेवल्या तर भेगा.

धार, तेल, दांडा

रानातनं आलं की अवजार धुवायचं, पण ओलं टांगायचं नाही. नळाजवळच एक जुनं पोतं खिळ्याला अडकवा, जाता जाता पुसलं जातंय. नळ एकीकडं आणि पोतं दुसरीकडं असलं तर कोण पुसत नाही. एका जुन्या बादलीत कोरडी वाळू भरून त्यात थोडं तेल मिसळा, खुरपी-विळे त्यात दोनदा खुपसून काढले की माती पण जाते आणि तेलाचा हात पण फिरतो. जळकं इंजिन ऑइल पात्याला चालतं, मुठीला लावू नका, दिवसभर हाताला लागतंय ते. मुठीला-दांड्याला जवसाचं तेल, वर्षातनं दोन वेळा, आणि ज्या फडक्यानं लावलं ते गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं पेटू शकतं, उघड्यावर पसरून वाळवा.

दांडा बाभळीचा चांगला. ढिला झालेला दांडा पाण्यात बुडवून फुगवायची सवय सगळ्यांना आहे, तो दिवसभर चालतो आणि वाळला की अजून ढिला होतो, पाचर मारा. पेट्रोलचं पॉवर वीडर किंवा गवत कापायचं मशीन हंगाम संपल्यावर टाकीतलं पेट्रोल काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मग ठेवायचं, नाहीतर कार्बोरेटर चिकटतो.

वर्षाची मोठी तपासणी खंडेनवमीला करा. त्या दिवशी नाहीतरी सगळी अवजारं धुऊन पुसून पूजेला मांडायचीच असतात, मग मांडल्यावर एक वहीत यादी करा, मोबाईलवर फोटो काढा, काय मोडलंय काय हरवलंय ते लिहा. बैलांचं सामान बेंदराला, आपल्याकडं बरेच जण कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात करतात, त्याआधीच्या आठवड्यात सगळे कासरे-म्होरक्या काढून बघा. झिजलेला कासरा मिरवणुकीत तुटला तर सगळ्या गल्लीची पळापळ.

उंदीर

औषध हे शेवटचं. आधी सांडलेलं धान्य रोज झाडा, पेंड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, दाराखाली पत्र्याची पट्टी, भिंतीतली भोकं काचा घातलेल्या सिमेंटनं बंद, आणि एक मांजर. धुराच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरालगतच्या गोठ्यात कधीच वापरायच्या नाहीत, त्याचा गॅस माणसाला पण मारतो. उंदराच्या मुताचा संसर्ग पाण्यातनं आणि चिखलातनं होतो, लेप्टो म्हणतात त्याला, म्हणून पायाला जखम असताना पावसाळ्यात गोठा धुताना गमबूट पाहिजेच.

वही आणि कागद

बियाण्याची पावती, खताचं बिल, औषधाचं बिल, पिशवीवरचा लॉट नंबर, हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलीत घरात, शेडमध्ये नाही. बियाणं उगवलं नाही तर पावती आणि पिशवी दोन्ही लागतात. बरेच कागद कन्नडमध्ये असतात, ज्याला वाचता येत नाही त्यानं घरातल्या शाळकरी पोराकडनं वर एका ओळीत मराठीत लिहून घ्यावं हे काय आहे म्हणून. सबसिडीत घेतलेल्या अवजाराची कागदं, पहाणी (म्हणजे जमिनीचा उतारा) आणि पासबुकाची झेरॉक्स पण याच फाइलीत. मोठं मशीन घेण्याआधी मात्र कृषी यंत्रधारे केंद्रात, जिथं शेतीची यंत्रं भाड्यानं मिळतात, भाड्याचा दर विचारून या. दोन एकराला रोटाव्हेटर विकत घेऊन ठेवायला शेड वाढवणं, असला व्यवहार करणारे आहेत.

उसनं देणं

हे गावात टळत नाही आणि टाळू पण नये, उद्या आपल्यालाच तात्याची शिडी लागणार. फक्त आपल्या सगळ्या अवजारांना एक रंगाचा पट्टा मारून ठेवा, दांड्यावर बोटभर, दुसऱ्या घरानं न घेतलेला रंग बघून. दाराच्या मागं एक पाटी आणि खडू: काय, कुणाला, कधी. नेणाऱ्यालाच लिहायला लावा, आपण लिहिलं तर संशय वाटतो, त्यानं लिहिलं तर काही वाटत नाही. विळा, खोरं, शिडी, पहार द्या. तणनाशकाचा पंप देऊ नका आणि आणू पण नका, आणि धार लावलेली कुऱ्हाड द्यायची की नाही ते माणूस बघून ठरवा, काहीजण तिनं दगड फोडतात.

आता रॅक. एक पावसाळा या पद्धतीनं काढा, दिवाळीनंतर बघा कुठं सामान अजून जमिनीवर राहतंय, आणि तेवढ्याच जागेला मापानं अँगलचं रॅक करून घ्या, खालचा कप्पा दीड फूट उंचीवर म्हणजे खराटा खालून फिरेल.